फॉर्मॅट मारण्याआधी

मावशीचा लॅपटॉप तीन महिन्यांत दोनदा फॉर्मॅट झाला. दोन्ही वेळा पाचशे रुपये गेले, दोन्ही वेळा तो आठवडाभर गुणी बाळासारखा चालला आणि मग पहिले पाढे पंचावन्न. साधी फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं, मध्येच सगळं गोठून बसणार, आणि क्रोममध्ये काहीही शोधलं की भलत्याच नावाचं सर्चचं पान पुढ्यात. तिसऱ्यांदा दुकानात न्यायच्या आधी तिने मला फोन केला, "परत फॉर्मॅट मारायला सांगू का रे?"

नको म्हटलं, घेऊन ये इकडे. पाहिलं तर आजार एक नव्हता, दोन होते, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. आणि पीडीएफ जोडण्यासाठी म्हणून घेतलेलं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायचा छोटा जोडप्रोग्राम, क्रोममध्ये बसून तिचे शोध दुसरीकडे वळवत होतं. फॉर्मॅटने यातलं काहीच बरं होणार नव्हतं. डिस्क फॉर्मॅटने तरुण होत नाही. आणि एक्स्टेन्शनचं म्हणाल तर, मावशी फॉर्मॅटनंतर क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने लॉगिन करायची, तेव्हा सिंकमधून, म्हणजे खात्यातल्या नोंदी आपोआप उतरवणाऱ्या सोयीतून, बुकमार्कांबरोबर तेही इमानदारीत परत यायचं.

दुकानवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. आजार शोधायला तास-दीड तास डोकं घालावं लागतं, फॉर्मॅट मात्र मशीन टेबलावर ठेवून चहाला गेलं तरी होतो. म्हणून शोधण्याचं काम घरीच करावं. मी ज्या क्रमाने करतो तो खाली देतो आहे. विंडोजचा लॅपटॉप आणि क्रोम ब्राउझर धरून लिहिलंय. एज किंवा ब्रेव्ह वापरत असाल तर तिथेही जवळजवळ हेच.

आधी तक्रारीची फोड करा

"स्लो झालाय" ही तक्रार नव्हे. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे ते. तीन छोट्या चाचण्या करा, दहा मिनिटांत कळतं कुठे बघायचं.

पहिली: वायफाय बंद करा, ब्राउझर बंद करा आणि नोटपॅड, एखादा फोटो, एखादी वर्डची फाइल उघडून बघा. इथेही अडखळत असेल तर गडबड मशीनमध्ये आहे. लोण्यासारखं चालत असेल तर संशय ब्राउझरवर किंवा नेटवर.

दुसरी: वायफाय सुरू करून क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तीच कामं करा. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शनं, तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर, बंद असतात. नेहमीच्या खिडकीत जाहिराती उड्या मारतायत आणि इन्कॉग्निटोत नाहीत, तर चोर एक्स्टेन्शनांमध्येच आहे. या एका चाचणीने माझा जितका वेळ वाचलाय तितका दुसऱ्या कशानेच नाही.

तिसरी: तेच संकेतस्थळ मोबाइलवर, त्याच वायफायवर उघडा. तिथेही रखडत असेल तर लॅपटॉपला सोडा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. आणि प्रवेशप्रक्रियेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी सरकारी पोर्टल चालत नसेल, तर त्यात तुमच्या लॅपटॉपचा काडीचाही दोष नाही.

कोणत्याही उपायाआधी कॉपी

हे पाऊल ओलांडून पुढे गेलात तर बाकीचा लेख वाचू नका.

कॉपी म्हणजे काय, ते स्पष्ट करतो, कारण "मी सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पोटात गोळा येतो. घरगुती लॅपटॉपमध्ये सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. एकाच कपाटाचा वरचा आणि खालचा खण. कपाट जळालं की दोन्ही जळतात. डी ड्राइव्ह फॉर्मॅटपासून वाचवतो, डिस्क उडण्यापासून नाही. कॉपी लॅपटॉपच्या बाहेर हवी: बाहेरची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा ऑनलाइन साठा.

पेन ड्राइव्ह नवा घेणार असाल तर एक सावधगिरी. ऑनलाइन बाजारात "२ टीबी" असं छापलेले, किमतीने हास्यास्पद स्वस्त पेन ड्राइव्ह मिळतात. आत क्षमता थोडीशीच असते, पण ते संगणकाला २ टीबी असल्याचं खोटं सांगतात. कॉपी पूर्ण झाल्याचंही दाखवतात, पण नंतर उघडायला गेलं की फाइली रिकाम्या. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतो आणि खरं काय ते सांगतो.

काय काय घ्यायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. डाउनलोड्स विसरतात, आणि खरा खजिना तिथेच असतो: सातबारा, मार्कशीट, आयकर विवरणाची पोच. दुकान किंवा सोसायटीचा हिशेब असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर. ब्राउझरमधले बुकमार्क. आणि मराठी माणसाने एक गोष्ट खास लक्षात ठेवायची: जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रं, लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल हे युनिकोड नसतात, म्हणजे त्या ठराविक फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कंट्रोल पॅनलमधला फॉन्ट्सचा फोल्डर उघडा आणि ते फॉन्ट उचलून कॉपीत टाका. पुढे कधीतरी आभार मानाल.

लॅपटॉप नवा असेल तर आणखी एक. विंडोज ११ अनेकदा डिस्क न विचारता कुलूपबंद करते, म्हणजे बिटलॉकर. काही बिघाड झाला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की ती ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या उपकरणाच्या नावाखाली ठेवलेली असते. आताच मोबाइलवरून खातं उघडा, किल्ली दिसते का बघा आणि कागदावर उतरवून घ्या. किल्ली नसेल तर जगातला कुठलाही दुकानवाला तो डेटा काढून देऊ शकत नाही.

कॉपी करताना डोळे उघडे ठेवा, कारण कॉपी ही स्वतःच एक तपासणी आहे. एखाद्या फाइलवर गाडी अडली आणि पाच मिनिटं हलली नाही, तर हट्ट करू नका. ती फाइल सोडा, बाकीच्या घ्या. आधी लहान आणि पुन्हा न मिळणाऱ्या वस्तू. चित्रपट आणि इन्स्टॉलर शेवटी, किंवा नकोतच.

डिस्कची नाडी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स या भागात डिस्क निवडा. दोन आकडे बघायचे: डिस्क किती टक्के गुंतलेली आहे, आणि सरासरी प्रतिसादाला किती मिलिसेकंद लागतात. डिस्क १०० टक्के गुंतलेली, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही आणि प्रतिसादाचा आकडा हजारांत, असं चित्र वारंवार दिसलं तर ती डिस्क काम करत नाहीये. ती एकाच जागी डोकं आपटते आहे.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या, तोही त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांवरून घेतलात तर वाटेत आणखी चार पाहुणे येतील. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. हा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. निळं असेल तर ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे निरोपाची वेळ.

रंगावर थांबू नका, खालची यादी बघा. त्यात चार ओळींना महत्त्व आहे. ०५ म्हणजे किती खराब जागा डिस्कने बाद करून त्यांच्या बदली राखीव जागा वापरल्या. सी५ म्हणजे किती जागा आत्ता वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचा निर्णय बाकी आहे. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही न वाचता आलेल्या. उजवीकडच्या रकान्यात शून्यंच शून्यं असतील तर उत्तम. तिथले आकडे षोडशमान पद्धतीत असतात, म्हणून मध्ये ए, बी, सी अशी अक्षरं दिसली तर दचकू नका, पण शून्य नाही एवढं समजा. सी५मध्ये काहीही दिसलं की मी डिस्क बदलायचा विषय काढतो. चौथी ओळ सी७: हा आकडा वाढत असेल तर दोष डिस्कपेक्षा जोडणीत असण्याची शक्यता जास्त. डेस्कटॉपमध्ये सुमार केबल बदलून काम भागतं, वीस मिनिटांचं.

या आकड्यांना किती मानायचं? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, बिनचूक डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे इशारा आला तर तो गंभीर. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या अर्ध्याहून जास्त डिस्कांनी अभियंत्यांनी ठळक मानलेल्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. निळा रंग म्हणजे हमीपत्र नव्हे.

आता दोन गोष्टी ज्या करायच्या नाहीत. एक, कॉपी होण्याआधी डिस्क दुरुस्तीची चेकडिस्क आज्ञा चालवू नका. खराब जागा शोधायला ती पूर्ण डिस्क इंच इंच वाचते. दमेकऱ्याला जिना चढायला लावून दम मोजण्यासारखं हे आहे. दुसरी, डिस्कमधून टक-टक-टक असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. आतलं वाचनाचं टोक चकतीवर घासत असू शकतं, आणि प्रत्येक सुरुवातीला थोडा डेटा कायमचा खरवडून निघतो. डेटा अमूल्य असेल तर तो काढून देणाऱ्या खास प्रयोगशाळांकडे जायचं. तिथला खर्च मोठा असतो, आधी अंदाज घ्या. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा घरगुती नुस्खा कोणी सांगितला तर हसून विषय बदला.

एसएसडीची, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी. ती कण्हत नाही, कुंथत नाही. आज चालते, उद्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तिचं नावच नसतं. क्रिस्टलडिस्कइन्फोत तिच्या आयुष्याची टक्केवारी दिसते, तेवढा एक अंदाज.

डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडीच घ्या, यावर चर्चा नको. २०१५ ते २०१९च्या काळातल्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क आहे, आणि विंडोज त्यावर सुखाने चालतच नाही. त्या मशीनमध्ये २५६ जीबीची साधी एसएसडी घातली तरी मालकाला नवा लॅपटॉप घेतल्यासारखं वाटतं. विकत घेण्याआधी मशीनचा मॉडेल क्रमांक दुकानात दाखवा: अडीच इंची साटा लागते की एम-डॉट-टू, आणि एम-डॉट-टू असेल तर साटा की एनव्हीएमई. ही सगळी जोडणीच्या प्रकारांची नावं. दिसायला जवळपास सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. चुकीची आणून मी स्वतः परत रांगेत उभा राहिलोय.

बाकीचं हार्डवेअर, झटपट

निळा पडदा पुन्हापुन्हा येत असेल तर स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधून चालवा. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबराने पुसून परत बसवायची आपली पद्धत गावठी वाटते, पण संपर्क गंजलेला असेल तर चालतेही. अगोदर वीज आणि बॅटरी तोडा, एवढंच.

लॅपटॉप अर्ध्या तासाने मंदावतो आणि पंखा विमानासारखा घोंघावतो, तर आत धूळ साचली आहे. गादीवर ठेवून वापरणं बंद करा. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. हे काम दुकानदाराकडून करून घेण्यासारखं आहे.

टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. त्याच दिवशी काढून घ्या.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात ही तक्रार आपल्याकडच्या जुन्या वायरिंगच्या घरांत हमखास. चार्जरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जुगाडाने लावलेली असते, किंवा सॉकेटला अर्थिंगच नसतं. दुरुस्ती लॅपटॉपची नाही, इलेक्ट्रिशियनची.

एक्स्टेन्शन: घरात घेतलेला भाडेकरू

आता ज्यावर खरा वेळ घालवायला हवा, तो भाग.

एक्स्टेन्शन घेताना एक चौकट येते: हे सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. आपण वाचत नाही, "अ‍ॅड" दाबतो. पण त्या वाक्याचा अर्थ शब्दशः आहे. बँकेचं पान तुमच्या पडद्यावर येतं तेव्हा ते एक्स्टेन्शनलाही दिसतं. तुम्ही पासवर्ड टाइप करता तो त्याला वाचता येतो. कुलूपाचं चिन्ह दिसत असलं तरी, कारण ते कुलूप रस्त्यावरच्या चोरासाठी आहे आणि हा तर घरात बसलाय.

"मी चांगलं रेटिंग बघूनच घेतो" हे पुरेसं नाही, कारण चांगलं एक्स्टेन्शन नंतर वाईट होऊ शकतं. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, वीस लाखांवर लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. मूळ लेखकाने २०२० साली ते एका अनोळखी खरेदीदाराला विकलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलला ते धोकादायक म्हणून काढून टाकावं लागलं. २०२०मध्येच जाहिराती रोखणाऱ्या नॅनो अ‍ॅडब्लॉकरचंही तेच: मालक बदलला, पुढच्याच अपडेटमध्ये हेरगिरी आली. वापरणाऱ्याने काहीच केलं नव्हतं. अपडेट आपोआप होतात, आणि नवा मालक आल्याचं कोणी दारावर येऊन सांगत नाही.

तिसरी तऱ्हा डिसेंबर २०२४ची. सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला, तुमचं एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढलं जाणार आहे, अशी बनावट ईमेल आली. त्याने दुवा दाबला, परवानगी दिली आणि नाताळच्या सुट्टीत हल्लेखोरांनी त्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती सुमारे चार लाख लोकांपर्यंत पोचवली. आणि मावशीच्या प्रकाराच्या सर्वांत जवळचं उदाहरण पीडीएफ टूलबॉक्सचं: वीस लाख वापरणारे, उत्तम रेटिंग. २०२३मध्ये सुरक्षा संशोधक व्लादिमीर पालांट यांनी दाखवून दिलं की त्यात दडवलेला कोड बाहेरून काहीही आणून तुम्ही उघडलेल्या कुठल्याही पानात घुसवू शकतो.

तर साफसफाई. या क्रमानेच करा.

उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात एक्स्टेन्शन्स, त्यात मॅनेज. पूर्ण यादीचा मोबाइलवर फोटो काढा. मग सगळीच्या सगळी बंद करा. ब्राउझर बंद करून उघडा. त्रास थांबला? आता एकेक सुरू करत जा आणि प्रत्येकानंतर थोडा वेळ वापरून बघा. घाई नको, काही चलाख एक्स्टेन्शनं बसवल्यावर बरेच दिवस गप्प राहतात, म्हणूनच माणसाला आठवत नाही की त्रास कशानंतर सुरू झाला. मी तर हा सगळा तपास न करता सरळ विचारतो: हे कशासाठी घेतलं होतंस? उत्तर आठवत नसेल तर रिमूव्ह.

रिमूव्ह करताना गूगल खात्यात लॉगिन असू द्या आणि सिंक चालू ठेवा, म्हणजे काढल्याची नोंद खात्यातही जाते. मावशीच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं होतं. फॉर्मॅटने लॅपटॉपवरून गेलं, खात्याच्या यादीतून नाही. ऑफिसच्या किंवा मुलाच्या संगणकावर तेच खातं असेल तर तिथेही बघून घ्या.

रिमूव्हचं बटणच दिसत नसेल आणि "तुमच्या संस्थेने व्यवस्थापित केलेलं" असं काहीसं लिहिलं असेल, तर विचार करा: घरच्या लॅपटॉपला कुठली संस्था? काही दुष्ट प्रोग्राम कंपन्यांसाठी असलेली ही सोय वापरून एक्स्टेन्शन खिळ्याने ठोकतात. काही अँटिव्हायरसही हा नियम लावतात, म्हणून लगेच घाबरायचं नाही. आधी विंडोज सिक्युरिटीत जाऊन ऑफलाइन स्कॅन करा. लॅपटॉप बंद होऊन चालू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासतो. मग सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेलं अनोळखी काही असेल तर काढा. त्यानंतरही खिळा निघत नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही), सॉफ्टवेअरखालच्या पॉलिसीज विभागात, गूगलच्या नावाखाली क्रोमची नोंद असते, ती आधी एक्स्पोर्ट करून मग काढायची. रजिस्ट्रीत पूर्वी हात घातला नसेल तर जाणत्याला बोलवा. आणि लॅपटॉप खरोखरच ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करू नका, तिथल्या आयटीवाल्याला सांगा.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पूर्ववत करा.

एक भामटा मात्र एक्स्टेन्शन नसून तसा भासतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात ५ व्हायरस" किंवा "अँटिव्हायरसची मुदत संपली" असे चौकोन येत राहतात. बहुतेकदा कुठल्यातरी पानाने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हटलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं. हा व्हायरस नाही, तुम्हीच दिलेली नोटिफिकेशनची परवानगी आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढून टाका. त्या चौकोनांतल्या फोन नंबरवर मात्र कधीही फोन करू नका. पलीकडचा माणूस लॅपटॉपचा ताबा मागतो, तो दिला की बँकेतले पैसे जातात.

एक्स्टेन्शन खरंच दुष्ट निघालं तर काढून काम संपत नाही. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून म्हणजे मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. त्यासोबत गूगल खात्यातल्या सुरक्षा विभागात जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. हे महत्त्वाचं, कारण एक्स्टेन्शनने तुमची चालू लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, पळवली असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. पैसे गेल्याचं दिसलं तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन, बाकीचं सगळं नंतर. पहिल्या तासा-दोन तासांत पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

आणि मुळात एक्स्टेन्शन लागतंच कशाला? पीडीएफ क्रोममध्ये आपोआप उघडते, कुठल्याही पानाची पीडीएफ प्रिंटच्या चौकटीतून करता येते. पडद्याचा फोटो विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून निघतो. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून घ्यायचा. "नमस्कार" रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी येतं. जाहिराती रोखायला फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचीच लाइट आवृत्ती. नाव पूर्ण वाचून घ्या, नामसाधर्म्याचा फायदा घेणारे बरेच आहेत. माझ्या क्रोममध्ये आज दोनच एक्स्टेन्शनं आहेत, आणि दुसऱ्याकडेही मी संशयानेच बघतो.

मग फॉर्मॅट कधी?

डिस्क निरोगी आहे, ब्राउझर स्वच्छ आहे, स्कॅन करूनही काहीतरी परतपरत उगवतंय, तेव्हा. किंवा नवी एसएसडी घातल्यावर. किंवा लॅपटॉप विकताना. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या (तो पूर्ण पुसला जाईल) आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनचं साधन उतरवून घ्या. दुकानात करून घेतलंत तरी हेच वापरायला सांगा. फुकटात विंडोज चालू करून देणारा "अ‍ॅक्टिव्हेटर" टाकला जात असेल तर त्याला नको म्हणा. अँटिव्हायरस बंद करून जे चालवावं लागतं, ते घरात घेण्यासारखं नसतं.

विंडोज १०चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर असेल तर ११ टाका. नसेल आणि काम फक्त ब्राउझर नि पत्रं एवढंच असेल, तर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स मिंट वाटतं त्याहून सोपं आहे. मावशीला मी तेच दिलं. तिला आठवडाभराने फरक विचारला तर म्हणाली, "चिन्हं जरा वेगळी आहेत."

दुकानात काम देत असाल तर शेवटची सूचना: जुनी डिस्क परत मागून घ्या. ती बंद पडली म्हणजे तुमचा डेटा संपला असं नाही, फक्त तुम्हाला वाचता येत नाही. आणि मरती डिस्क सॉफ्टवेअरने नीट पुसताही येत नाही. मावशीची डिस्क मी बाल्कनीत नेऊन ड्रिलने चार ठिकाणी भोकं पाडली, डोळ्यांवर चष्मा लावून. आतल्या चकत्या इतक्या आरशासारख्या असतात की तिने त्यातली एक मागून घेतली. सध्या ती तिच्या देवघरात समईखाली आहे.